तुर्की खून आणि माझं मार्गदर्शन

...आणि वर शाळेत बोलावून मलाच विचारतात, "आजी, तुम्हाला वाचता येतं ना?" मला! अहो, शाळेची पायरी न चढता, मासळी बांधायच्या रद्दीवरून अक्षर अक्षर लावत शिकलेली बाई मी, पनवेलच्या बाजारात चाळीस वर्षं टोपली घेऊन बसले, बातमी अर्धी राहिली तर गिऱ्हाइकाची मासळी सोडून दुसऱ्या कागदात बांधून दिलीय, आणि मला विचारतात! वाचता आलं म्हणून तर हे सगळं झालं.

तर तुम्हाला सांगते, माझ्या मुलाने, शैलेशने, मोठा टीव्ही आणला. इंटरनेटचा. तो स्वतः तळोज्याला कंपनीत, दुपारपाळीला. सून विनिता कामोठ्याच्या दवाखान्यात, येते आठला. मग सहा ते आठ घरात कोण? मी आणि माझी नात मैना, वय वर्षं दहा. दिवसात तेवढीच ती माझी, नाहीतर शाळेची, नाहीतर आईची. तर मैनाने लावली तुर्कस्तानची मालिका, हिंदीत बोलणारी. उंचेपुरे बाप्ये, लांब काळे कोट, बोटभर ग्लासात चहा पितात, रडतात, कुणालातरी मारतात, परत चहा पितात... आणि सुरुवातीलाच पाटी, हिंसा आहे, मुलांनी मोठ्यांच्या मार्गदर्शनाखाली बघावी. हिंदीत होती, पण अक्षरं आपलीच की! म्हटलं, "थांब गो बाय, चष्मा आणते. मार्गदर्शन करायचं हाय."

लिहिलं होतं, मी केलं. माझं चुकलं कुठे?

पहिल्याच भागात खून, आणि तोही कुठे, तर मासळीबाजारात! दाढीवाला भाई सुरी काढतो, आणि धरतो कशी, तर पेन्सिलीला टोक करायला बसल्यासारखी. समोरचा पोटावर हात धरून पाच मिनिटं भाषण देतो. मी मैनाला थांबवायला सांगितलं. म्हटलं, अशी धरली तर बोंबीलसुद्धा कापायचा नाही, मनगट सरळ पाहिजे. आणि तिथे सुरी घातली तर पित्त फुटतं, पित्ताला धक्का लागला की सगळं कडू. मागे बर्फावर मासळी मांडलेली, डोळे आत गेलेले, तीन दिवसांची तरी असेल. म्हटलं, त्या भाईला सावकाश पकडा, आधी त्या मासळीवाल्याला पकडा! मैना हसून लोळली. मग रोजचंच झालं, खून आला की ती आपणहून थांबवायची, "आजी, हा बरोबर?" आणि मी सांगायची. पोरीने एकदाही डोळे झाकले नाहीत, एकदाही दचकली नाही. ह्याला मार्गदर्शन नाही म्हणायचं, तर कशाला म्हणायचं?

पण नाही. शाळेत डब्याच्या सुट्टीत त्या मालिकेचा विषय निघाला, आणि आमच्या मैनाबाईने डब्यातलं केळं आणि फूटपट्टी घेऊन पोट कुठून उघडायचं ते पोरांना दाखवलं. एक पोरगी रडायला लागली. वर्गाच्या कुमुद मॅडमनी विचारलं, हे कुणी शिकवलं, तर ही मान ताठ करून सांगते, "माझी आजी चाळीस वर्षं करतेय. रोज सकाळी. साडीवर एक थेंब उडत नाही."

झालं! चिठ्ठी आली. मी गेले, बरोबर विनिता, तोंड पाडून. मॅडमचा आवाज मऊ, पण डोळे माझ्या पिशवीवर, जसा काय मी कोयता घेऊनच आलेय. म्हणाल्या, "आजी, मार्गदर्शन म्हणजे नको ते आलं की बंद करायचं असतं."

म्हटलं, "मग 'बंद करा' असं लिहा. त्याला अक्षरंपण कमी लागतात."

विनिताने असा चिमटा काढला की दोन दिवस दंड काळानिळा! लिहिलं होतं, मी केलं, तरी चिमटा मलाच.

घरी आल्यावर टीव्हीला आकड्यांचं कुलूप लागलं. मैनाला सहा ते आठ शिकवणी. म्हणजे माझे दोन तास कापले ते असे, पित्तासकट. विनिताने सकाळची पाळी मागून घेतली, माझ्यावर लक्ष ठेवायला. चार दिवस कुलपाला हात लावला नाही. पाचव्या दिवशी कुलूप उघडून म्हणते, "आई, एकच भाग लावते, आपल्या पोरीने बघितलं तरी काय ते कळायला हवं." काल बारावा झाला! आणि बघते कशी, तर ओढणी डोळ्यांवर घेऊन.

"आई, मारलं का?"

"मारलं."

"मेला?"

"नाय मरायचा. वरच्यावर लागलाय."

"नक्की ना?"

पंचेचाळीस मिनिटं हेच! आठला मैना दप्तर घेऊन दारात येते, की ही ओढणीच्या आतूनच, "मैना, इकडे बघू नकोस, खून चाललाय." मैना निमूट आत जाते. पण काल जाता जाता पडद्यावर एकच नजर टाकली आणि हळूच मला म्हणाली, "आजी, मनगट वाकडं."

बरोबर होतं हो तिचं! अगदी बरोबर. पण मी खाली मान घालून चष्मा पुसत बसले... शाबास म्हणावं, तर परत शाळेतून बोलावणं.