गोणीच्या घशातला गळ

माहरिता: अबाह, तिथून बोलू नका. टाकीजवळ या.

अबाह: इथून ऐकू येतंय मला.

माहरिता: ऐकून काय होणार? बघायला हवं. आपल्या सापिणीच्या, गोणीच्या तोंडातून दोरा लोंबतोय. मासेमारीचा, पांढरा.

अबाह: सकाळी काय घातलंस तिला?

माहरिता: मागूर. सामलानकाकांनी दिला, जिवंत. रोज मी माशाचं तोंड उघडून बघते हो. आजच शिवणकामाच्या दुकानात जायची घाई होती.

अबाह: सामलान गळावर मासे धरतो. तुला ठाऊक होतं.

माहरिता: होतं. काय रागवायचं ते नंतर रागवा.

अबाह: दोरा ओढलास?

माहरिता: एकदा. हळूच.

अबाह: एकदा?

माहरिता: दोनदा. तिने सगळं अंग आखडून घेतलं, मग सोडला.

अबाह: आता हात लावू नकोस. डॉक्टर?

माहरिता: केला फोन. मांजरं-बकऱ्यांचा डॉक्टर तो. म्हणतो, तो पाण्यातला लोंबता साप ना? मी नाही बाई हात लावणार. वर हसला. अबाह, या सापाच्या पोटात काय कुठे असतं हे अख्ख्या बांजारमासिनमध्ये ज्यांना माहीत आहे, त्यातले एक माझे वडील, माझ्याच घरात राहतात. आणि आठ वर्षं या टाकीकडे पाठ करून जेवतात!

अबाह: माहरिता.

माहरिता: तीस वर्षं कातड्यांच्या वखारीत होतात तुम्ही. दिवसाला तीनशे साप सोलायचात. आईला तुम्हीच सांगत होतात, मी ऐकलंय.

अबाह: सोडली ना वखार? तेव्हाच ठरवलं, या जनावराला पुन्हा शिवायचं नाही.

माहरिता: मारायला नका शिवू. वाचवायला शिवा. मी एकटीने केलं तर मरेल ती. तुम्हाला कळतंय हे.

अबाह: ...जुनी चादर भिजवून आण. तार कापायची पक्कड आण. आणि एक चमचा, कापड गुंडाळून.

माहरिता: चाकू?

अबाह: चाकू लागणार नाही.

(दोघं मिळून सापाला टाकीतून उचलून ओल्या चादरीवर ठेवतात.)

माहरिता: किती जड झालीय. बाहेर काढली की वाटतं, हिला हाडंच नाहीत.

अबाह: आहेत. पाण्याबाहेर स्वतःचं वजन पेलत नाही तिला. त्यामुळे सोपं जायचं आम्हाला. पळत नाहीत. डोक्यामागे धर. अंगठा जबड्याखाली. आवळू नकोस.

माहरिता: चावली तर?

अबाह: विष नाही. दात सुईसारखे आहेत. चावली तरी हात तसाच ठेवायचा. झटका दिलास तर तिचा जबडा फाटेल.

माहरिता: बरं. धरलंय.

अबाह: चमचा दे. उघड गं बाई, उघड. हं. दोरा सरळ आत गेलाय. गळ दिसत नाही.

माहरिता: म्हणजे गिळला? पोटात गेला?

अबाह: थांब, चाचपू दे. इथे नाही... इथेही नाही... हा. डोक्यापासून चार बोटं खाली. टोक कातडीकडे आहे.

माहरिता: चांगलं की वाईट?

अबाह: मागे ओढला तर गळाचा उलटा काटा रुतेल, घसा फाटेल. पुढेच ढकलायचा. हिची कातडी सैल आहे. टोक बाहेर आलं की काटा तोडायचा, मग उरलेला तोंडातून काढायचा.

माहरिता: दुखेल तिला.

अबाह: दुखेल.

माहरिता: अबाह, थांबलात का?

अबाह: ढकलतोय. तू काहीतरी बोलत राहा.

माहरिता: काय बोलू? मी चौदा वर्षांची होते, तुम्ही हिला आणलंत. बाजारातून आणली म्हणालात. बोटाएवढी होती. मी बादलीत स्वच्छ नळाचं पाणी भरलं, तर अंगावर पांढरे डाग उठले. तुम्ही दारात उभे राहून सांगितलंत, जंगली बदामाची पानं टाक, पाणी चहासारखं होऊ दे. आत काही आला नाहीत.

अबाह: बाजारातून नव्हती आणली.

माहरिता: मग?

अबाह: धर नीट, हललीस तू. ...वखारीतला शेवटचा दिवस. एक मादी आली पुढ्यात. चिरली. आत पिल्लं होती, एकोणीस. जिवंत.

माहरिता: अबाह...

अबाह: मालक म्हणाला, टाकून दे, एवढ्याशा कातडीचं काय करायचं. मी सगळी बादलीत घेतली, नदीकाठच्या गवतात सोडली. अठरा गेली पोहत. एक तळाशीच पडून राहिली. तिला तशीच घरी आणली. टोक आलं बघ बाहेर. पक्कड.

माहरिता: ही ती?

अबाह: पक्कड दे, माहरिता!

माहरिता: घ्या.

अबाह: तुटला. डोकं सरळ कर. आणखी सरळ. हं... हं... निघाला.

माहरिता: रक्त येतंय!

अबाह: थोडंच आहे. टबात सोड. पाणी उथळ ठेव, नाक वर काढता येईल एवढंच. डोक्याखाली मी हात धरतो.

माहरिता: मला सांगितलं का नाहीत? आठ वर्षं मी हिला माझ्या हाताने मासे भरवते. कधीतरी सांगायचं होतं.

अबाह: काय सांगू? हिच्या आईला मी चिरली म्हणून? चौदा वर्षांची पोर तू. माझ्या शेजारी जेवायला बसली असतीस?

माहरिता: नसते बसले.

अबाह: मग.

माहरिता: पण तुम्ही तरी कुठे बसलात आमच्या शेजारी? तोंड भिंतीकडे करून जेवलात. मला वाटायचं, तुम्हाला किळस येते हिची.

अबाह: हिची नाही.

माहरिता: ...ती हलत का नाही?

अबाह: श्वास रोखून बसलीय. घाबरली की बसतात.

माहरिता: किती वेळ?

अबाह: अर्धा तास. जास्तही.

माहरिता: आणि त्यानंतरही वर आली नाही तर?

अबाह: बस इथे. बघू.

माहरिता: पंचवीस मिनिटं झाली, अबाह.

अबाह: घड्याळाकडे नको बघू. तिच्याकडे बघ.

माहरिता: तेच करतेय. शेपटी हलली का? नाही, पाणीच हललं.

अबाह: शेपटीच होती.

माहरिता: अबाह! नाक वर काढलं! घेतला श्वास, बुडबुडा आला बघा!

अबाह: हं. आला.

माहरिता: रडताय तुम्ही?

अबाह: तीन आठवडे काही खायला घालायचं नाही हिला. मग तिलापियाची बारकी पिल्लं, बोटभर. माशाचं तोंड मी तपासून देत जाईन.

माहरिता: तुम्ही? इथे येऊन?

अबाह: इथे येऊन.

माहरिता: बरं. आता हात काढा पाण्यातून. कधीचे वाकून बसलाय, पाठ धरेल.

अबाह: राहू दे जरा. मनगटाला वेढा घातलाय तिने.