वही भिजली कशी?

सुनंदाबाई : अहो, पण मी आता आमदार नाही, आधारभाऊ. निवडणुकीत पडले त्याला वर्ष होऊन गेलं. काम असेल तर नव्या साहेबांकडे...

आधार : तुम्ही आमदार होत्या तेव्हा कामासाठी आलो होतो, अक्का. आज हात जोडायला आलो.

नर्मदाबाई : अन् हाई कळनानं पीठ शे, भाकरीसाठी. नई म्हनू नका.

सुनंदाबाई : नाही कशाला म्हणू? बसा दोघं. धरणावर पुन्हा रुजू झालात ना?

आधार : तीन महिने झाले. तीच चौकी, तीच खुर्ची. निलंबन मागं घेतल्याचं पत्र आलं. त्यात तुमच्या प्रश्नाचा नंबर लिहिलाय.

सुनंदाबाई : माझा कसला! खरं सांगू? त्या अधिवेशनात मी साठ प्रश्न पाठवले होते, तुमचा त्यातलाच एक. छापील उत्तर आलं : 'चौकीदाराने वेळेत कळवले नाही, त्यामुळे दरवाजे उशिरा उघडले. नोंदवही पुरात भिजून नष्ट झाली.' मी वाचलं आणि मनात म्हटलं, संपलं. खात्यानंच लिहून दिल्यावर पुढे काय विचारणार?

आधार : मीही हिला म्हटलं, चल घरी.

नर्मदाबाई : माले राग उना ना!

सुनंदाबाई : या उठल्याच नाहीत. त्या पायरीवर बसून मला म्हणाल्या, 'अक्का, चौकी धरणाच्या डोक्यावर. पूर धरणाच्या पायथ्याले. मंग वही भिजली कशी?'

नर्मदाबाई : खोटं व्हतं का?

सुनंदाबाई : मी तेवढंच सभागृहात विचारलं. मंत्री कागद चाळत राहिले. मागच्या बाकांवर हसू फुटलं. अध्यक्षांनी प्रश्न राखून ठेवला. म्हणाले, मूळ वही आणून पटलावर ठेवा, मगच उत्तर द्या. नवव्या दिवशी वही आली. कोरडी ठणठणीत. पंधरा वर्षं राजकारणात होते, पण असा प्रश्न मी दुसरा विचारला नाही. आणि तो माझा नव्हता, नर्मदाबाई. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहूनच गेले होते.

नर्मदाबाई : काय अक्का! आम्ही आलो आभार मानाले अन् तुम्ही आम्हलेच...

आधार : त्या वहीत माझं अक्षर होतं. अकरा वाजता पाणी धोक्याच्या खुणेवर, कळवले. साडेबारा, कळवले. दीड, कळवले. तिन्ही वेळा वरून एकच : थांब. अन् चार वाजता हुकूम आला, सगळे दरवाजे एकदम उघड.

सुनंदाबाई : आणि खाली तुमचंच गाव.

आधार : माझंच गाव. 'आधारनं बुडवलं' म्हणायचे. चार वर्षं आमच्या ओट्यावर कोणी टेकलं नाही.

नर्मदाबाई : चक्कीवर माले पाहीसन बाया दळण उचली लेत.

आधार : पत्र आलं तेव्हा ग्रामसेवकानं ग्रामसभेत तुमच्या प्रश्नाला वही सापडल्यावर आलेलं ते दुसरं उत्तर वाचलं. 'चौकीदार आधार सोनवणे यांनी तीन वेळा कळवले होते, हे खरे आहे.' दुसऱ्या दिवशी सकाळी कौतिक आबा दारात.

सुनंदाबाई : कौतिक म्हणजे, ज्यांची बायको त्या पुरात...

आधार : तेच. धुरपदाबाई. आबा ओट्यावर बसले. हिनं पाणी दिलं, ते प्याले. म्हणाले, 'मी तुला चारचौघात शिव्या दिल्या रे.' मी म्हटलं, आबा, दरवाजे माझ्याच हातानं उघडले. तर म्हणाले, 'तीनदा सांगितलं ना तू? बस झालं.'

सुनंदाबाई : मोठं मन त्यांचं.

आधार : पण त्यांनी एक विचारलंय. मला तुमच्यासमोर तोंड उघडायला जड जातंय. उत्तरात लिहिलंय, 'सदर घटनेत एका महिलेचा मृत्यू झाला.' आबा म्हणतात, तुझं नाव आलं, तिचं का नाही? घालता येईल का?

सुनंदाबाई : छापलेल्या उत्तरात आता कोणालाच काही घालता येत नाही, आधारभाऊ. मी तिथं असते तरी आलं नसतं.

नर्मदाबाई : ऱ्हाऊ द्या मंग. तुम्ही खूप करं आमनासाठी.

सुनंदाबाई : थांबा, थांबा. पहिल्या उत्तरातही 'एक महिला'च होतं. आणि तिचं नाव तुम्हीच मला सांगितलं होतं, त्या पायरीवर. मी उभी राहिले तेव्हा... आधारभाऊ, त्या कपाटातला खालचा जाड गठ्ठा द्या बरं. उत्तर खात्याचं असतं, पण सभागृहात जो शब्द बोलला जातो, तो तिथले लोक जसाच्या तसा लिहून घेतात. माझ्या भाषणांच्या प्रती आहेत यात.

(बराच वेळ फक्त पानं उलटल्याचा आवाज.)

सुनंदाबाई : हं. ऐका. 'अध्यक्ष महोदय, उत्तरात एक महिला म्हटले आहे. तिचे नाव धुरपदाबाई कौतिक भदाणे. ती नदीवर धुणे धुवायला गेली होती. माझा प्रश्न असा, की वही भिजली कशी?'

नर्मदाबाई : कोठे शे? माले वाचता येत नई. बोट ठेवा ना त्यावर.

सुनंदाबाई : हे बघा. इथून इथपर्यंत.

नर्मदाबाई : एवढं लांब?

सुनंदाबाई : एवढं लांब. घेऊन जा हे पान. माझ्याकडे पडून काय उपयोग?

आधार : एक मिनिट, अक्का. फोन करतो. ...हां, आबा? मी आधार. धुळ्याहून. ...शे, आबा. नाव शे. ...नई, पुरं नाव. तुम्हनं बी शे त्यामा.