आजी, माजी आणि खोडरबर

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान संचालक साहेब, आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती आमच्या बाई, त्यांचे कुटुंबीय, आणि चहाकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. मी एकाच शब्दावर बोलणार आहे. आजी.

आमचं खातं काय करतं, हे पाहुण्यांसाठी सांगतो. आम्ही संगणकाला इंटरनेटवरचा मजकूर वाचायला लावतो. त्यातून त्यानं ज्ञान मिळवावं, कोण कुणाचं कोण ते शिकावं, ही अपेक्षा. वाचतो बकासुरासारखा, कळतं किती, ते विचारू नका. एकदा त्यानं ठरवलं की आजी हा विद्यार्थ्यांचा एक प्रकार आहे. का? तर 'आजी-माजी विद्यार्थ्यांचा मेळावा' अशा बातम्या त्यानं ढिगानं वाचल्या होत्या. इथं आजी म्हणजे सध्याचा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तो शिकतो ते तपासणं हे बाईंचं काम, त्यांनी ते खोडलं. त्यांना आम्ही खोडरबरच म्हणतो, तोंडावरसुद्धा. पण ते परत उगवलं! कारण संगणकाच्याच उत्तरांवरून लोकांनी लेख पाडले, आणि हा शहाणा तेच लेख वाचून म्हणतो, बघा, सगळीकडे असंच लिहिलंय. आपणच अफवा उठवायची आणि गावभर ऐकून आपणच विश्वास ठेवायचा, याला काय म्हणावं? बाई चिडायच्या, 'मेल्या, तुला कुणी आजी नाही का रे?' म्हणायच्या, आणि पुन्हा खोडायला बसायच्या.

साहेब, बाईंच्या जागी कोण, हे विचारून विचारून माझं तोंड दुखलं. आपण म्हणालात, 'आता तो स्वतःच स्वतःला तपासेल.' चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! वर हौसेनं आजचं मानपत्रही त्यालाच लिहायला सांगितलंत. छापण्याआधी ते कुणी वाचलं? वाचणाऱ्या बाईंचाच तर सत्कार होता. त्यांना आधी दाखवणार कसं?

मघाशी आपण ते ऐकलंत. 'बाई दोन नातवंडांच्या आजी होत्या. निवृत्तीमुळे आजपासून त्या माजी आहेत.' सभागृह हसलं, टाळ्याही वाजल्या. मीही हसलो असतो. पण माझ्या शेजारी बाईंची धाकटी नात बसली होती. तिनं माझी बाही ओढून विचारलं, 'काका, मग आता तिला काय म्हणायचं?'

राग आला हो मला. अजून आहे. तिकडे बघा, बाईंनी सवयीनं पर्समधून पेन काढलंय. पण मानपत्राला चौकट आहे, वर काच आहे. आणि तोच मजकूर आपल्या संकेतस्थळावर सकाळीच चढलाय. संगणक तो वाचेल, आणि शिकेल.

बाळ, तू आजीच म्हण. कुणाचं ऐकू नकोस.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्याच्या भरात काही अधिक-उणं झालं असेल, तर पोटात घाला. मानपत्रातलं मात्र घालू नका. ते खोडणारं माणूस आजपासून माजी आहे.