स्पीकर स्टुलावर

ताई : ...म्हणून आज पहिल्या गाण्याआधीच सांगून टाकते. तालमीनंतर दोन-दोन दिवस माझ्या कानात शिट्टी वाजत राहते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गेलेला कान परत येत नाही. आवाज कमी होणार नसेल तर मी बँड सोडते.

धाकटा : काहीतरीच काय ताई! तू गेलीस तर गाणार कोण? आणि माझी गिटार मोठी नाहीच मुळी. मलाच ती धड ऐकू येत नाही.

ताई : अस्सं? ये, बस माझ्या जागी, कीबोर्डपाशी. ठोक्या, ड्रम सोड आणि याची गिटार छेड जरा.

धाकटा : आई गं! बंद कर, बंद कर!

ताई : बघितलंस? तुझ्या गिटारचा स्पीकर जमिनीवर, तोंड तुझ्या पोटऱ्यांकडे. तुझ्या गुडघ्यांना कान फुटलेत का? तू उभा, म्हणून तुला ऐकू येत नाही, म्हणून तू वाढवतोस. मी बसलेली, सगळं थेट माझ्या डोक्यात!

ठोक्या : मी तर कानात कापूसच घालतो.

ताई : कापूस? कधीपासून?

ठोक्या : झाली दोन वर्षं. त्यानं माझेच ड्रम मला बारीक ऐकू येतात. मग जरा हाणतो.

धाकटा : धन्य आहेस! तू हाणतोस म्हणून मी वाढवतो...

ताई : आणि मी किंचाळते. शहाणे आहोत तिघंही! घे ठोक्या, हे वाजवणाऱ्यांचे इअरप्लग. सूर तसेच राहतात, नुसता जोर कमी होतो. मीही घातलेत. आणि तू रे, स्पीकर उचल, स्टुलावर ठेव. जरा मागे कलंडव. हं, आता तोंड तुझ्या कानाकडे.

धाकटा : वाजवू? ...अरे बापरे! आवाजाचं बटण आठवर होतं? तीन पुरे. तीनसुद्धा जास्त होतंय.

(तिघं एक गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवतात.)

ठोक्या : चक्क मनगटं दुखत नाहीयेत.

ताई : माझा घसाही नाही. बरं वाटलं रे, खूप बरं वाटलं. पण दुसऱ्या कडव्यात माझ्याबरोबर कोण गात होतं?

धाकटा : मीच. मला कुठाय माइक? आपलं असंच, माइकशिवाय.

ताई : छान लागतो की तुझा सूर! आजच सुचलं?

धाकटा : छे गं. पहिल्या तालमीपासून गातोय.

ताई : ...चला, तेच कडवं पुन्हा घेऊ.