झाडाचं जेवण

मंगलाबाई : बसायला नाय आले, सर. त्या कागदात लिव्हलंय, हे दारू पिऊन खड्ड्यात पडले. खाली सही तुमची हाय.

निसळ सर : मंगलाबाई, हिरामण गेला त्या दिवशी मी भांबावलो होतो. संस्थेनं तयार कागद पुढे केला, मी सही केली.

मंगलाबाई : पिलेले व्हते का ते?

निसळ सर : नाही.

मंगलाबाई : काल गंगेवर दहावा झाला. कावळा शिवेना. पोरीचं लगीन नीट करून देऊ म्हनले, शिवेना. सासूला सांभाळू म्हनले, तरी नाय. शेवटी म्हनले, तुमी पिलेले नव्हता हे सरांकडून लिहून घेते. तवा शिवला.

निसळ सर : लिहून दिलं तर चौकशी लागेल, प्रयोगाची काचेची खोली बंद पडेल. ब्याण्णवपासूनचं काम आहे माझं. सहा वर्षं.

मंगलाबाई : काय करायचे ते तिथं? घरी आले की हाताला नेलपॉलिशचा वास. लय भांडले मी त्यावरून.

निसळ सर : पानाला खालून नेलपॉलिश लावायचं, वाळलं की सोलायचं. पानाला बारीक तोंडं असतात, त्यांचा ठसा उठतो. खोलीत आम्ही कार्बन डायऑक्साइड गॅस वाढवतो, तसं पान तोंडं मिटत जातं. किती मिटली ते आम्ही मोजतो. हिरामणसारखा ठसा मला कधी जमला नाही.

मंगलाबाई : मंजी पानाला कळतं, आता बास म्हनून.

निसळ सर : कळतं.

मंगलाबाई : अन् यांना नाय कळलं?

निसळ सर : त्या गॅसला वास नसतो. सिलिंडरची नळी सुटली. गॅस हवेपेक्षा जड, सिलिंडर ठेवायच्या खड्ड्यात साचला. तो चावी बंद करायला खाली उतरला.

मंगलाबाई : ते भिणार कशाला? मला म्हनायचे, सर म्हनतात गॅस मंजी झाडाचं जेवन. जेवनाला कोन भितं?

निसळ सर : मीच सांगितलं होतं. सगळ्यांना तसंच सांगतो. पटकन समजतं.

(सर कोरा कागद ओढतात. बराच वेळ लिहितात.)

मंगलाबाई : वाचून दाखवा. मला येत नाय.

निसळ सर : ‘हिरामण दारू प्यायलेला नव्हता. गॅस म्हणजे झाडाचं जेवण, असं मी त्याला सांगितलं होतं. त्या गॅसनं माणूस मरतो, हे सांगितलं नव्हतं.’ खाली सही केली आहे. आता खोली बंद होईल.

मंगलाबाई : व्हईल तवा व्हईल. सोमवारपासून माझा दीर येतोय यांच्या जागी, लहानू. तुमच्याच हापिसानं बोलावलंय. तवर हेच त्या खोलीच्या दारावर बी लिव्हा, सर.

निसळ सर : लिहितो.

मंगलाबाई : मोठं लिव्हा. त्याला वाचता येतं.