दार रुंद करायची परवानगी

जुन्या वास्तूंच्या कार्यालयात, रांगेत माझ्यापुढे बहीण-भाऊ होते.

"ताई, दार चार बोटं रुंद करायचं, त्याला परवानगी? घर आपलंच ना?"

"आपलंच. पण जतनाच्या यादीत आहे."

"तिकडे बाबांची व्हीलचेअर दारातून निघत नाही! यादीत घातलं कोणी?"

"बाबांनीच. घर पाडायला तू बिल्डर आणलास, तेव्हा."

"जुनं कशाला उकरतेस? अर्ज दे. अगं, बाबांची सही कुठेय?"

"करत नाहीत. म्हणतात, आज दार, उद्या भिंती. घर पाडणार नाही, असं आधी तू लिहून द्यायचंस."

"मी? सख्ख्या बापाला?"

"हा घे कागद."

"पेन कुठे गेलं माझं?"

"अरे, वरच्या खिशालाच अडकवलंय."

खिडकीतून त्यांचा नंबर पुकारला. तो अजून खालचेच खिसे चाचपत होता.