तळ्यातली तांबडी माती

सन्माननीय अध्यक्षसाहेब, मंचावर दाटीवाटीनं बसलेले पाहुणे, आज निवृत्त होणारे जमीन खात्याचे आपले साहेब, त्यांच्या बाईसाहेब, आणि मागे चहाकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या लेकरांनो, सगळ्यांना नमस्कार.

मासेमार सोसायटीत सगळ्यात म्हातारी मी, म्हणून चार गोड शब्द बोलायला मला उभं केलंय. गोडच बोलते. अध्यक्षसाहेब, घड्याळ कशाला बघता? अजून सुरुवात कुठं झालीय?

साहेबांनी आपल्यासाठी काय नाही केलं? तळ्यावरच्या उतारावर नुसतं रान माजलं होतं. साहेबांनी सही केली, रान गेलं. गुलाबांच्या शेड आल्या, बंगल्यांचे प्लॉट पडले. मग तो बोडका उतार पावसाबरोबर तळ्यातच उतरला. मासे ज्या खड्यांवर अंडी घालतात, त्यांवर हातभर गाळ बसला. मागोमाग गुलाबांचं खत आलं आणि पाण्यावर हिरवी साय धरली.

साहेब काठावर येऊन म्हणाले, "आजी, तळं कसं हिरवंगार दिसतंय!"

म्हटलं, "हो ना साहेब. नासलेलं मढंही हिरवंच दिसतं."

साहेब हसले. मासे पोट वर करून तरंगत होते, ते काही हसले नाहीत. माझे दोन्ही मुलगे जाळी गुंडाळून ठेवून परगावी हमाली करतात, तेही हसत नाहीत.

"माती वाहायचीच, आजी. तिला काय मालक असतो?" असंही साहेब म्हणाले होते.

असतो तर! आमची जुनी रीत आहे. धक्क्याचा गाळ उपसायचा आणि ज्याच्या जमिनीतून आला, त्याच्या दारात नेऊन टाकायचा. रानातून यायचा तो काळा, कुजल्या पानांचा. त्याला मालक नव्हता, तो तळ्यानं ठेवून घेतला. हा आलाय तांबडा. आणि उतारावरचा सगळ्यात मोठा तांबडा प्लॉट कुणाचा? बाईसाहेब, मान कशाला खाली घालता? बंगला झकास झालाय.

सगळं गाव इथं टाळ्या वाजवतंय, पण माझ्या सुना दिसल्या का कुणाला? सकाळपासून ट्रॅक्टर घेऊन राबताहेत बिचाऱ्या. एव्हाना फाटक बुजलं असेल, आता पायऱ्यांना हात घातला असेल.

अहो साहेब, बसा! निघालात कुठं? पुष्पगुच्छ राहिलाय अजून.

सोसायटीनं बोलायचा मान दिला, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि दारात काही कमी पडलं असेल, तर उतारावर पुन्हा झाडं उभी राहीपर्यंत रोज एक ट्रॉली येईलच.